ओटीवरचा पिवळा बल्ब

शाळेच्या वीजबचत मोहिमेची पुढारी व्हायला अपेक्षा एका पायावर तयार झाली, तेव्हा आपल्या घरात एक आई आहे हे ती साफ विसरली होती.

मोहीम सोपी. रोज संध्याकाळी सात ते आठ दिवे बंद. सगळी आळी ऐकायची. फक्त पुढारीणबाईंच्याच ओटीवर जुना पिवळा बल्ब ढणाढणा जळत असायचा!

"आये, बंद कर गो! पोरं हसतात मला."

"हसू दे. भाविक आला नि अंधारात घर नाय गावलं तर?"

"त्याचंच घर हाय ना? आन दिवालीशिवाय सुट्टी नाय, बोललाय तो."

"बोललाय. पन आला तर?"

थोरला मुलगा भाविक कसाऱ्याला हॉटेलात कामाला लागल्यापासून आईची, चंद्रकलेची, मान रस्त्याच्या वळणाकडेच वळलेली. अपेक्षाने एलईडी आणून पाहिला, तर म्हणे, "याचा उजेड वळनापत्तुर नाय जात." दादाची आठवण अपेक्षालाही यायची, पण पुढाऱ्याने रडायचं कसं?

शनिवारी सातला दिवे गेले नि शेजारची धोंडूबाई सूप घेऊन आली. "तुझ्या पोरीनं आमच्याकडं अंधार केलाय. तांदूळ हितंच निवडते." मागून नामा फाटकं जाळं घेऊन आला, शामची पोरं पाढे घेऊन. बघता बघता सगळी आळी एका ओटीवर! अपेक्षाने कपाळाला हात लावला. मग तिच्या डोक्यात आलं, अरे, एवढ्या घरांत एकच बल्ब!

तेवढ्यात वळणावरून किंकाळी आली. "आयेऽऽ!"

पिशवी फेकून भाविक धावत सुटला होता. घरोघर अंधार आणि सगळा गाव आपल्या ओटीवर, याचा गावात एकच अर्थ होतो.

"आये गेली नि मला कलवलं पन नाय?" धोंडूबाईच्या गळ्यात पडून तो हमसू लागला. सूप उपडं झालं.

"मेल्या, मी हितं हाय!" मागून चंद्रकला ओरडली.

तिला बघून तो आणखीच मोठ्याने रडला.

"दादा, सुट्टी नव्हती ना?" अपेक्षाने विचारलं. आवाज जरा चिरकलाच.

"नव्हती. ऱ्हावलं नाय मला."

चंद्रकलेने पदराने त्याचं तोंड पुसलं, हात धरून आत नेलं आणि जाता जाता, न बघताच, बटण दाबलं. ओटीवर काळोख.

"चंद्रकले! अगो, माझे तांदूळ!" धोंडूबाई किंचाळली.

"आता कशाला जालायचा?" आतून आवाज आला. "आलाय तो."