तपासणाऱ्याची सही

दिगंबर सबनीस दर मंगळवारी सकाळी दहाला आमच्या दारात येतात, पायातले बूट काढतात आणि मग बेल वाजवतात. हा क्रम कधी बदलत नाही. जानेवारीत पायरीवर वीतभर बर्फ असतो, तरी दार उघडेपर्यंत ते नुसत्या मोज्यांवर उभे असतात. छातीशी क्लिपबोर्ड धरलेला असतो आणि डोळे दाराच्या मुठीवर असतात. एकदा मी विचारलं, "दिगंबरराव, आत येऊन काढा ना बूट."

"नको वहिनी. बेल वाजवून बूट काढत बसलं की माणूस विचार करायला लागतो, आत जावं की परत फिरावं. आधी बूट काढले की निर्णय झालेला असतो."

क्लिपबोर्डवर आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलेली यादी असते. अमेरिकन फुटबॉलच्या बत्तीस टीम, एक ते बत्तीस क्रमानं, आणि प्रत्येकीपुढे शेरा. रविवारच्या मॅच बघायच्या, सोमवारची राहिलेली बघायची आणि मंगळवारी क्रमवारी जाहीर करायची, असा सबनीसांचा तीसेक वर्षांचा नेम आहे. जाहीर म्हणजे मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉय गावातल्या आणि आसपासच्या अकरा मराठी माणसांना ईमेलनं पाठवायची आणि एक प्रत मंडळाच्या हॉलमध्ये सूचनाफलकावर लावायची. गणपतीच्या महाप्रसादाची सूचना आणि योगवर्गाची जाहिरात यांच्या मधोमध ती असायची.

मला या खेळातलं फार कळत नाही. जेवढं कळतं ते सबनीसांमुळेच. क्वार्टरबॅक नावाचा एक खेळाडू असतो. बॉल त्याच्या हातात येतो आणि समोरचे अवाढव्य गडी त्याला आडवं करायला धावत सुटतात. तेवढ्या अवधीत त्यानं ठरवायचं, कुणाकडे फेकायचा. सबनीसांच्या मते हा अवधी अडीच सेकंदांचा असतो. "क्वार्टरबॅक म्हणजे घरचा कर्ता, वहिनी. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत असतात आणि बिचाऱ्याकडे अडीच सेकंद."

या अडीच सेकंदांनी त्यांनी सगळ्या जगाला छळलं आहे. मंडळाच्या सभेत कुणी लांबण लावली की ते मनगट वर करून घड्याळ दाखवतात. डॉक्टरांना म्हणतात, "अडीच सेकंदांत सांगा, सिरियस आहे का?" स्वतः मात्र इंडियन ग्रोसरीत भेंडी निवडायला पाऊण तास लावतात. प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघतात, आवाज ऐकतात आणि नापास झालेली भेंडी बाजूला वेगळ्या ओळीत मांडतात. दुकानवाल्या बाईंनी आता त्यांना टोकणं सोडून दिलं आहे. उलट ती बाजूची ओळ त्या परत टोपलीत टाकतात आणि मागून येणाऱ्या गिऱ्हाइकाला, म्हणजे बऱ्याचदा मला, डोळ्यांनी खूण करतात.

लग्नाचंही असंच झालं. नोकरी लागल्यावर दुसऱ्या वर्षी ते तीन आठवड्यांच्या रजेवर मुली बघायला पुण्याला गेले होते. नाशिकची एक मुलगी त्यांना आवडली. तिनं विचारलं, "मिशिगनला थंडी किती असते हो?" सबनीसांनी सांगितलं की नीट माहिती काढून कळवतो. परत आल्यावर त्यांनी बारा महिन्यांचं तापमानाचं कोष्टक केलं, कमाल, किमान आणि सरासरी, आणि पत्रानं पाठवलं. पत्र पोचलं तेव्हा तिचा साखरपुडा झाला होता.

"कोष्टक बरोबर होतं," ही गोष्ट सांगून झाली की ते म्हणतात. "पण बॉल हातात धरून बसलो."

खेळाडूंची खरी नावं ते घेत नाहीत. कोण कुणासारखा आहे ते ठरवून त्यांनी प्रत्येकाला नाव दिलेलं आहे. एक आहे मामलेदार, तो जागचा हलत नाही, लोकांनी त्याच्याकडे यावं अशी त्याची अपेक्षा असते. एक पोस्टमन, हळू येतो पण पत्ता चुकत नाही. एक नवरदेव, त्याचं लक्ष सदा कॅमेऱ्याकडे. आणि आपल्या गावच्या टीमचा तरुण क्वार्टरबॅक, तो धाकटा. बाकीच्यांना टोपणनावं आहेत, पण धाकटा म्हणताना सबनीसांचा आवाज थोडा खाली येतो.

यादीच्या खाली उजव्या कोपऱ्यात दोन चौकोन असतात. एकात लिहिलेलं असतं 'केले', दुसऱ्यात 'तपासले'. सबनीसांनी गिअरबॉक्सच्या कारखान्यात ड्रॉइंग तपासण्यात सगळी नोकरी काढली. तिथला नियम असा होता की ज्यानं ड्रॉइंग केलं त्यानं ते तपासायचं नाही. दुसऱ्या माणसाची सही पडल्याशिवाय कागद खोलीबाहेर जायचा नाही. नोकरी संपली, पण नियम त्यांनी घरी आणला. 'केले'च्या चौकोनात ते स्वतः सही करत. 'तपासले'च्या चौकोनात वसंत पाटणकर, म्हणजे माझा नवरा.

वसंत रंगाच्या कंपनीत केमिस्ट होता आणि कुठल्याही गोष्टीला आधी नाही म्हणायचा. त्यामुळे तपासनीस म्हणून तो अगदी योग्य होता. दर मंगळवारी दहा ते बारा आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर हे दोघं भांडायचे आणि मी शेजारच्या खोलीत पुस्तक घेऊन बसायचे.

"सबनीस, ही क्रमवारी आहे की लग्नाची पंगत? सगळ्यांना वरच बसवलंयस."

"कारण लिही आणि सही कर, पाटणकर. तोंडी आक्षेप चालत नाही."

शेवटची दोन वर्षं भांडण एकाच माणसावरून होतं. सबनीस म्हणायचे, धाकटा मोठा होणार, टीम सातवी लावा. वसंत म्हणायचा, चौदावी. "घाबरतो तो. गडी अंगावर आले की डोळे मिटून फेकतो."

"डोळे मिटत नाही. पापणी लवते. पापणी सगळ्यांची लवते."

मग तडजोड होऊन अकरावर सही व्हायची आणि दोघंही आपण हरलो अशा चेहऱ्यानं चहा प्यायचे.

वसंत मार्चमध्ये गेला. त्याआधी हॉस्पिटलमध्ये असताना एका दुपारी तो फोनवर कुठल्याशा जुन्या मॅचचे तुकडे बघत होता. बघता बघता फोन पोटावर ठेवून म्हणाला, "सबनीसचं बरोबर आहे गं. तो पोरगा घाबरत नाही. थांबतो." मी त्याची उशी नीट केली. थोड्या वेळानं तोच म्हणाला, "पण त्याला सांगू नकोस हं. मग मंगळवारी तो करणार काय?"

मी सांगितलं नाही. कुणाला काही सांगण्याचे ते दिवसच नव्हते.

सप्टेंबरात सीझन सुरू झाला. पहिल्या मंगळवारी दहाला बेल वाजली. सबनीस मोज्यांवर उभे होते. टेबलावर त्यांनी यादी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "ड्राफ्ट आहे. सही झालेली नाही."

'तपासले'चा चौकोन रिकामा होता. त्यांना काय हवं होतं ते मला कळलं. पण मी म्हटलं, "मला यातलं काही समजत नाही, दिगंबरराव."

"हो, बरोबर आहे," ते म्हणाले. अर्धा कप चहा घेतला, मग आणखी अर्धा, आणि गेले.

पुढच्या मंगळवारी तेच. त्याच्या पुढच्याही. सहीशिवाय यादी बाहेर जात नव्हती. मंडळाच्या फलकावर योगवर्गाची जाहिरात सरकून गणपतीच्या सूचनेला चिकटली. अकरा माणसांपैकी एकानंही विचारलं नाही की यादी का येत नाही. दिवाळीच्या कार्यक्रमात सबनीस तरुण मुलांच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिलेले मी पाहिले. ती मुलं फुटबॉलवरच बोलत होती. सबनीसांनी त्यांच्यापुढे कागद धरला.

"काका, चिल करा यार," एक जण हसून म्हणाला. "रँकिंग ॲपवर असतं. दर तासाला अपडेट होतं."

"तपासतं कोण?"

"म्हणजे?"

"सही कोणाची असते खाली?"

त्या मुलानं फोन उलटसुलट करून पाहिला. चांगला होता बिचारा, त्यानं खरंच शोधलं. सबनीस थोडा वेळ थांबले, मग कागदाची घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि जिलबीच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

माझी मुलगी सिॲटलला असते. तिला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "आई, जस्ट टेल हिम यू डोन्ट फॉलो फुटबॉल."

"सांगितलंय."

"देन व्हाय डज ही कम?"

मी म्हटलं, चहाला येतात.

मागच्या महिन्यातल्या एका मंगळवारी सबनीस आले तेव्हा घर गार होतं. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा फिल्टर बदलायचं काम वसंतचं होतं, माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. सबनीसांनी हवेच्या जाळीवर हात धरला, मग ते बेसमेंटमध्ये उतरले आणि क्लिपबोर्ड टेबलावर राहिला. तो त्यांनी याआधी कधी हातातून सोडला नव्हता.

मी सहज वरचा कागद उचलला. खाली मागचे सगळे होते, सप्टेंबरपासूनचे, एकावर एक. प्रत्येकात शेऱ्यांच्या पलीकडे आणखी एक रकाना आखलेला होता. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पा. चा आक्षेप'.

अक्षर सबनीसांचं. शब्द मात्र माझ्या स्वयंपाकघरातले होते. मामलेदारापुढे: 'पा. म्हणेल, याला खुर्चीसकट उचलून बाहेर ठेवा.' नवरदेवापुढे: 'पा. म्हणेल, आधी अक्षता पडू देत.' एके ठिकाणी नुसतंच, 'पा. इथे नाही म्हणेल. कारण सुचत नाही. पण नाही म्हणेल.' एका कागदावर आक्षेप लिहून खोडला होता आणि बाजूला नियमाप्रमाणे कारण दिलं होतं: 'पा. इतका सौम्य नव्हता.'

आणि धाकट्यापुढे प्रत्येक आठवड्याला तेच. 'पा. म्हणेल, अकरा.' पहिल्या कागदापासून शेवटच्यापर्यंत, अकरा.

जिन्यावर पावलं वाजली. सबनीस वर आले, हातात काळा पडलेला फिल्टर होता. माझ्यापुढे पसरलेले कागद त्यांनी पाहिले आणि फिल्टर तसाच दोन्ही हातांत धरून उभे राहिले.

"ते कच्चं काम आहे," ते म्हणाले. "केलेल्यानंच तपासायचं नसतं. माहीत आहे मला."

वसंत दुपारच्या उन्हात फोन पोटावर ठेवून जे बोलला होता ते माझ्या अगदी ओठांवर होतं. ते ऐकलं असतं तर सबनीस जिंकले असते. मी कागद सरळ केले.

"हे चुकलंय," मी म्हटलं.

"काय चुकलंय?"

"अकरा. अकरा ही तुमची तडजोड होती. वसंतचा स्वतःचा आकडा चौदा."

सबनीसांनी फिल्टर भिंतीला टेकवून ठेवला. हात पुसले. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले, म्हणजे वसंत असताना जिथे बसायचे तिथे. इतके महिने ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसत होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"चौदा? वहिनी, या सीझनला तो काय खेळतोय ते माहीत आहे का तुम्हाला?"

"घाबरतो तो. डोळे मिटून फेकतो."

"पापणी लवते." सबनीसांचा आवाज चढला. मार्चपासून तो चढलेला मी ऐकला नव्हता. "पापणी सगळ्यांची लवते, तुमची लवत नाही?"

"माझ्या अंगावर गडी येत नाहीत."

"चौदावा म्हणजे पोस्टमनच्या खाली. पोस्टमनच्या खाली धाकटा? काय बोलताय तुम्ही? लेखी द्या."

मी लेखी दिलं. त्यांनी ते खोडलं, कारण लिहिलं. मी त्या कारणाला हरकत घेतली. चहा दोनदा गार झाला. बाराला दहा मिनिटं कमी असताना आम्ही अकरावर आलो. सबनीसांनी शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'अकरा. पा. चा आक्षेप कायम.' मग कागद माझ्याकडे वळवला आणि पेन्सिल पुढे केली. मी 'तपासले'च्या चौकोनात सही केली.

"तारीख," ते म्हणाले.

मी तारीख घातली.

पायरीवर बसून बूट घालताना ते एकदम थांबले. "वहिनी, तुम्ही रविवारची मॅच पाहिली होती?"

"नाही."

"एकही नाही?"

"नाही."

त्यांनी बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधली. "न बघता सही करायची नसते," ते म्हणाले. "या वेळेपुरती चालवून घेतो." संध्याकाळी यादीचा ईमेल आला. पत्ते बारा होते.

रविवारी दुपारी एकला मी टीव्ही लावला. आवाज बंद ठेवला, ते दोघं तसाच ठेवायचे. निळ्या कपड्यांतला धाकटा पुढे आला, बॉल त्याच्या हातात आला आणि समोरून चार-पाच अवाढव्य गडी त्याच्यावर धावले. मी मनात मोजत होते. तो हलला नाही. अगदी शेवटपर्यंत उभा राहून त्यानं दूर कुठेतरी पाहिलं आणि मग फेकला.

घाबरत नव्हता. थांबत होता. माझ्यासारख्या अडाणी बाईलाही ते स्वच्छ दिसलं.

मी वसंतच्या खणातली पेन्सिल घेतली, तिला टोक केलं आणि मंगळवारसाठी कागदावर लिहून ठेवलं: चौदा.