ऑर्किडला ताण

दौलतकाका कुणाच्याही घरी गेले की आधी कुंडीत बोट घालतात. नमस्कार, पाणी, ख्यालीखुशाली नंतर. चप्पल काढता काढताच त्यांचा डोळा दारातल्या तुळशीवर नाहीतर खिडकीतल्या मनीप्लँटवर गेलेला असतो. उजव्या हाताची तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत जाते, बाहेर येते, नाकाशी जाते आणि निकाल लागतो. "पाणी जास्त होऊन राहिलं." यजमानीण बिचारी पाण्याचा ग्लास घेऊन तशीच उभी.

प्रताप नगरातल्या आमच्या दातांच्या डॉक्टरकडे एकदा त्यांनी काउंटरवरच्या कुंडीत बोट घातलं आणि तिथल्या मुलीला म्हणाले, "हे पंधरा दिवसांत जाईन." ती म्हणाली, "काका, चांगलं हिरवंगार तर आहे!" बाराव्या दिवशी ते गेलं. तेव्हापासून काकांना तिथे नंबर लावावा लागत नाही. मी मात्र दाढ धरून तासभर बसते.

काका आमचे शेजारी. मधे छातीइतकी भिंत. मी शाळेत मराठी शिकवते म्हणून त्यांच्यासाठी मी मास्तरीणबाई. चाळीस वर्षं त्यांनी नरखेडकडे संत्र्याची बाग केली. काकूंच्या आजारपणात इथल्या घरात राहायला आले. बाग पुतण्याकडे गेली, दोन वर्षांपूर्वी काकूही गेल्या, आणि काकांच्या बोटाला आमच्या कुंड्यांशिवाय काही उरलं नाही.

ज्यांनी बाग केली नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. संत्र्याला नुसतं पाणी देत राहिलं तर ते पानांनी माजतं आणि फुलायचं नाव घेत नाही. म्हणून बहर धरायच्या आधी काही आठवडे पाणी तोडतात. पानं मलूल होतात, थोडी गळतात. मग पाणी सोडलं की झाड पांढऱ्या फुलांनी भरून येतं. याला ताण देणं म्हणतात. पाणी नेमकं कधी सोडायचं हे पान पाहून ठरवायचं, आणि त्या बाबतीत काकांच्या नजरेचा मोठा बोलबाला होता. लोक त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून आपली बाग दाखवायला न्यायचे. "पाणी म्हंजे लाड नाही, बाई," ते मला सांगत. "लाडानं झाड बिघडते."

तर अशा माणसाच्या दारी फेब्रुवारीत, पंचाहत्तराव्या वाढदिवसाला, एक भलं मोठं खोकं आलं. आत दोन ऑर्किड. एक जांभळी, एक पांढरी, वाकलेल्या दांडीवर ओळीनं फुलं. सोबत चिठ्ठी: 'बाबांना. मंजू.' बस, एवढंच.

मंजू त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्याला असते. अकरा वर्षांपूर्वी तिनं स्वतःच्या पसंतीनं परजातीत लग्न केलं, आणि काकांनी तिच्याशी बोलणं बंद केलं. काकू मात्र रोज संध्याकाळी तिच्याशी फोनवर बोलायच्या. हात कणकेचे आहेत म्हणून स्पीकर लावायच्या. बाहेरच्या खोलीत काका बातम्या बघत असायचे, आवाज बंद करून. हात रोजच कसे कणकेचे, हे त्यांनी कधी विचारलं नाही. काकू गेल्या तेव्हा मंजू आली, तेरवीपर्यंत राहिली. काका तेरा दिवस तिला चुकवत अंगणात बसले. ती पुण्याला परतली, आणि घरात रोज ऐकू येणारा तिचा आवाजही गेला.

काकांनी सवयीनं कुंडीत बोट घातलं आणि दचकून बाहेर काढलं.

"बाप्पा! माती कुठं हाये? पोट्टीनं कोळसे अन् लाकडाचे ढलपे पाठवले!"

मी मोबाईलवर वाचून सांगितलं की ऑर्किड असंच लावतात. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं बादलीत बुडवायचं आणि निथळू द्यायचं.

"मोबाईलनं कधी संत्रा लावला का?" काका म्हणाले.

पण त्या कुंड्यांचे लाड त्यांनी असे केले की काय सांगावं. मार्चअखेर ऊन तापलं तसा त्यांनी कूलर काढला, नवी खस लावली आणि त्याच्यासमोर स्टुलावर ऑर्किड ठेवल्या. स्वतः ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळून कोपऱ्यात. मी म्हटलं, "काका, तुम्ही बसा ना हवेत." तर म्हणाले, "मी काही पाहुणा होय का?"

एप्रिलात फुलं गळली. फुलं गळणारच. पण काकांनी ते मनाला लावून घेतलं. दोन दिवस नुसते दांड्यांकडे बघत बसले आणि तिसऱ्या दिवशी भिंतीपाशी येऊन जाहीर केलं, "मृग बहार धरतो, पावसाच्या तोंडचा. ताण देतो याले."

मी परोपरीनं सांगितलं. हे झाड वेगळं, हे विदर्भाचं नव्हे, मे महिन्यात याला पाणी तोडणं म्हणजे जीव घेणं. काका ऐकतील तर शपथ. कुंड्या कूलरसमोरून व्हरांड्यात आल्या. जाड जाड पानांना सुरकुत्या पडल्या. शाळेला सुट्टी होती, दुपारी काका झोपायचे, आणि मी पन्नाशीची बाई स्टुलावर चढून भिंतीवरून पलीकडे ओणवून पिचकारीनं चोरून पाणी मारायचे.

चौथ्या दिवशी पिचकारी हातात असतानाच पकडले गेले.

"मले वाटलंच. मे महिन्यात दव काहून पडून राहिलं म्हणून." मग एकदम आवाज चढला. "माझा ताण मोडला तुम्ही! पंधरा दिवस वाया गेले. आता फुलं कशी येतीन?"

माझी जीभ तिखट, त्यात स्टुलावर चढून रंगेहाथ पकडलेली बाई. म्हणून गेले, "ताण, ताण! मुलीला अकरा वर्षं ताण दिलात, आली का फुलं?"

बोलले आणि जीभ चावली. ऊन रणरणत होतं. काका व्हरांड्याच्या पायरीवर बसले.

"मले वाटलं व्हतं एक वर्ष," ते म्हणाले. "एक वर्षात येईन अन् म्हणन, बाबा, चुकलं. मंग दुसरं वर्ष लागलं. मंग लाज वाटाले लागली."

"मग फोन करा ना काका."

"फोन करून सांगू काय? इतक्या वर्षानं काही तरी सांगाले पाह्यजे ना, बाई. म्हटलं याले फुलं आणतो. मंग फोन करतो. म्हंतो, मंजू, तुह्या झाडाले फुलं आले."

मी खाली उतरले. घरात येऊन मोरीत तोंड धुतलं आणि पुष्कळ रडले. एवढ्यासाठी हा म्हातारा उकाड्यात बसला होता, आणि मी त्याला झाडाचं शास्त्र शिकवत होते.

त्या संध्याकाळी काकांनी पाणी सोडलं. मी सांगितलं तसं, बादलीत दहा मिनिटं, हातात घड्याळ धरून. पण वेळ गेली होती. आठवड्याभरात पांढरीचं शेवटचं पान गळलं. जांभळी जूनच्या पहिल्या दिवसांत बुडातून काळी पडली. काका रोज सकाळी ढलप्यांत बोट घालायचे आणि माझ्याकडे न बघता आत जायचे.

मग एका सकाळी त्यांनी भिंतीवरून हाक मारली. "मास्तरीणबाई, जरा येता का?"

व्हरांड्यात दोन्ही कुंड्या पुढ्यात घेऊन काका बसले होते. अंगात धुतलेला सदरा. हातात काकूंचा जुना फोन. तो त्यांनी अजून बंद होऊ दिला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

"मंजूचा लंबर यातच हाये," ते म्हणाले. "लावून द्या."

मी नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन त्यांच्या मांडीवर ठेवला. तिकडे घंटी वाजत राहिली. मग फोन उचलला गेला आणि कुणी बोलेचना. नुसता श्वास. माझ्या तेव्हा लक्षात आलं की तिकडे पडद्यावर काय नाव आलं असेल.

"आई?" मंजू म्हणाली. अगदी लहान आवाजात.

काकांनी डोळे मिटले. "मी होय वं. बाबा."

पलीकडून रडण्याचा आवाज आला. मी खूण केली, बोला. त्यांनी कुंडीवर हात ठेवला.

"मंजू," ते म्हणाले, "मले याले पाणी द्याचं समजून नाई राहिलं. कसं देऊ, सांगतं का?"

ज्या माणसानं जन्मात पाण्याबद्दल कुणाला विचारलं नाही, त्यानं हे विचारलं. मंजूनं नाक ओढलं आणि सांगायला लागली. आठवड्यातून एकदा, बाबा. सकाळचं. पानांच्या बेचक्यात पाणी राहू द्यायचं नाही. उन्हात ठेवायचं नाही. मधेच रडायची, थांबायची, पुन्हा सांगायची. काका वाळलेल्या दांडीकडे बघत "हो", "हो" म्हणत होते.

मी उठले. फाटकाशी पोचेपर्यंत तिचं सांगून होत आलं होतं, तसा काकांचा आवाज आला.

"हळू सांग वं. पुन्हा पयलेपासून सांग. मी लिहून घेऊन राहिलो."

मी वळून पाहिलं. त्यांच्याजवळ ना कागद होता, ना पेन.