तीन-वीसच्या गाडीचा पाइंट

मी ज्ञानेश खोपकर. आयर्लंडमधल्या ॲथलोनला सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेणारा माणूस. ही दैवी देणगी सुट्टीच्या दिवशी वाया जाऊ नये म्हणून मी इथले पब आणि स्टेशनांवरचे बार तपासतो आणि मराठी मंडळींच्या ग्रुपवर त्यांना तारे देतो. एकेचाळीस झाले. माझ्या नजरेतून काही सुटत नाही. माझी बायको स्मृती डॉक्टर आहे. तिच्या मते समोरचं तेवढं सुटतं.

बेचाळिसावा बार एका आडगावच्या स्टेशनवर होता. चार टेबलं आणि काउंटरमागे साठीच्या ब्रीजबाई. शनिवारी दुपारी तीन-दहाला त्यांनी स्टाउटचा, म्हणजे काळ्या बिअरचा, मोठा ग्लासभर पाइंट भरला आणि खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला. मी सावध झालो. तीन-वीसची गाडी आली, तेव्हा मी प्लॅटफॉर्मवर जाऊन खिडक्यांतून एकेक डबा तपासला. अर्ध्या तासाने परत येतो तर ग्लास रिकामा, खुर्चीही रिकामी. पुढच्या शनिवारी तेच.

ब्रीजबाईंना विचारायचं मी कटाक्षाने टाळलं. संशयितांना सावध करायचं नसतं.

आधी वाटलं, हे आयरिश पद्धतीचं श्राद्ध असावं. पण आसपास कावळा दिसेना. मग वाटलं, बाईच गुपचूप पितात. पण त्यांचा चहा अखंड चालू असायचा. उरला गाडीचा ड्रायव्हर. दोन्ही वेळा तो केबिनमधून उतरला नव्हता, यावरून तो किती सराईत आहे ते कळलं. ड्रायव्हरला दारू पाजणाऱ्या या बारचं लायसन्स रद्द करावं, असं पत्र मी रेल्वेसाठी लिहून काढलं.

स्मृतीने ते दोनदा वाचलं. या शनिवारी तिला ड्यूटी नव्हती. ती स्वतः येऊन बघेपर्यंत पत्र पाठवायचं नाही, असं तिने मला बजावलं.

शनिवारी पाइंट भरला गेला. स्मृतीला बारमध्ये बसवून मी प्लॅटफॉर्मवर दबा धरून बसलो. गाडी आली आणि पाचच मिनिटांत स्मृती दारात उभी राहिली.

"आत ये. तुझा ड्रायव्हर खिडकीशी बसलाय."

खिडकीशी सत्तरीचे एक गृहस्थ स्टाउट पीत होते. स्मृतीने फक्त एवढंच केलं होतं, की ब्रीजबाईंना पाइंट कुणाचा म्हणून विचारलं होतं. तो डोनल यांचा होता. त्यांची बायको वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये असते. दर शनिवारी तिला भेटून ते या गाडीने परततात, आणि पावणेचारची बस धरतात. स्टाउटला निवळायला वेळ लागतो, म्हणून बाई आधीच भरून ठेवतात. दोन्ही शनिवारी बाहेर पडताना मी आत येणाऱ्या याच गृहस्थांसाठी दार धरलं होतं. त्यांनी थँक्सही म्हटलं होतं.

मी टेबलाखाली फोन धरून पत्र डिलीट केलं. मान वर करवेना.

डोनल मात्र स्मृतीकडे टक लावून बघत होते. मग त्यांनी माझा हात हातात घेतला.

"आल्या एकदाच्या," ते म्हणाले.

त्यांचा आणि ब्रीजबाईंचाही तपास चालू होता. याला बायको सोडून गेलीय, आणि हा बिचारा दर शनिवारी डब्याडब्यात डोकावून तिला शोधतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. मला वाईट वाटेल म्हणून दोघांनीही विषय काढला नव्हता.

मी खुलासा करायला तोंड उघडलं. पण स्मृतीने चहाचा कप खाली ठेवला.

"हो," ती गंभीरपणे म्हणाली. "यायला जरा उशीरच झाला."

ब्रीजबाईंनी डोळे टिपले आणि माझ्यासाठी एक पाइंट भरायला घेतला. तो मी मुकाट्याने प्यायलो.