तांडेल मास्तर सायकल शिकतात

तांडेल मास्तर रोज सकाळी बोईसरच्या रस्त्याने सायकलची घंटी वाजवत चालत जायचे. चालत म्हणजे चालतच, सायकल हाताशी. वय अठ्ठेचाळीस, आणि सायकलीपैकी त्यांना फक्त घंटी येत होती.

"आधी अंश, मग पूर्ण," ते मला समजावत. "घंटी पक्की झाली. सोमवारपासून ब्रेक."

माणूस कसा शिकतो यावरचे सगळे सिद्धान्त त्यांनी शिक्षकांच्या प्रशिक्षणात पाठ केले होते, आणि एकही वाया घालवायचा नाही असा त्यांचा निर्धार होता. घाईही तशीच होती. त्यांची बदली चिंचणीला झाली होती आणि परतीची एस.टी. उशिराची. घरी म्हातारी आई, माणसं विसरत चाललेली. आम्ही शेजारी, म्हणून दिवसभर माझी बायको तिच्याकडे बघे, पण संध्याकाळचा घास ती मास्तरांच्याच हातून घ्यायची. ते येण्याआधी डोळा लागला की उपाशी. पहिल्या आठवड्यात ती चार दिवस तशी झोपली. पाचव्या दिवशी मास्तरांनी सायकल आणली.

अंशाअंशाने जमेना, तेव्हा त्यांनी प्रयत्न-प्रमाद पद्धत काढली. पडायचं, चूक टिपायची, पुन्हा चढायचं. टिपायचं काम माझं. सहा दिवसांत एकवीस वेळा पडले, त्यातले चौदा वेळा डावीकडे.

"चूक पक्की होतेय," ते काळजीने म्हणाले.

मग मर्मदृष्टी. एकदम उमगेल म्हणून ते ओट्याला टेकवलेल्या सायकलीपुढे तासभर बसून राहिले. तारापूरला बिजलीघराच्या बांधकामावर निघालेला एक मजूर थांबला. "मास्टरजी, पंक्चर है क्या?"

यात खरं शिकला तो कुत्रा. घंटी वाजवून खाऊ देत गेलं, की पुढे नुसत्या घंटीनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हा मास्तरांचा सर्वांत लाडका सिद्धान्त. वळणावरच्या एका भटक्या कुत्र्याला ते रोज घंटी वाजवून सुका बोंबील घालत. असे अकरा दिवस. बाराव्या दिवशी घंटी वाजली, पण बोंबील घरी राहिला होता. कुत्रा सरळ अंगावर आला. मास्तर सायकलवर कधी चढले ते त्यांनाही कळलं नाही.

"मास्तर, ब्रेक!" मी मागून धावत ओरडलो.

"तो धडा राहिलाय!"

पुढच्या सोमवारी ते सायकलने चिंचणीला गेले आणि उजेड असतानाच परतले. मी अभिनंदन करायला गेलो. आई जागी होती. मास्तर माशातले काटे काढून तिला भरवत होते.

"मास्तर," ती त्यांना म्हणाली, "आमचा हरी शाळेत येतो ना?"

हरी म्हणजे मास्तर स्वतःच.

"येतो ना," ते म्हणाले. "हल्ली सायकल शिकलाय."

"पडला नाय ना?"

"नाही." कोपरावरची पट्टी त्यांनी सदऱ्याच्या बाहीत सारली.

"त्याला मारू नका हां, मास्तर. हळू शिकतो, पन शिकतो."

"नाही मारणार, मावशी," मास्तर म्हणाले, आणि पुढचा घास तिच्या तोंडाशी नेला.