तीन होकार आणि एक राक्षस

लिफ्टवाल्यानं पहिला होकार दिला तो बूट काढताना. एका पायावर उभा राहून तो दुसऱ्या पायातल्या नाडीशी झटापट करत होता, तेवढ्यात होणारे सासरे आतलं दार लोटून घेत त्याच्या कानाशी आले.

"हे बघा, खेळात आपण दोघं एका बाजूला," ते कुजबुजले. "समोर कुणीही आलं की सरळ तलवार काढायची. बोलत बसायचं नाही. ह्या घरात बोलून बोलून खेळाचा पार विचका झालाय."

"हो," लिफ्टवाला म्हणाला.

दुसरं काही त्याच्या तोंडून येणंच शक्य नव्हतं. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसानं आतून काहीही विचारलं, तरी बाहेरच्यानं आधी 'हो' म्हणायचं, हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा. लवकर उघडेल ना? हो. तुम्ही इथेच आहात ना? हो. आतला माणूस शांत झाला की अर्धं काम झालं, उरलेलं पान्यानं करायचं. चष्मेवालीशी त्याची ओळखही अशीच झाली होती. तिच्या चष्म्याच्या दुकानाच्या इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे रुसून बसली होती, आणि दार उघडेपर्यंत तिच्या प्रत्येक प्रश्नाला हा बाहेरून 'हो' म्हणत होता. ते 'हो' तिला आवडलं आणि प्रकरण लग्नाच्या गोष्टींपर्यंत आलं.

आज तिच्या घरच्यांना पहिल्यांदा भेटायचं होतं, आणि तेही खेळताना. "दर शनिवारी संध्याकाळी आम्ही टेबलाभोवती बसतो," तिनं समजावलं होतं. "प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं. कुणी योद्धा, कुणी वैद्य. काय घडतंय ते मी सांगते, आपण काय करतो ते ज्यानं त्यानं सांगायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवतो."

"आणि जिंकतं कोण?"

"कुणीच नाही."

झालं, तेव्हापासून त्यानं धसका घेतला होता. ज्या खेळात कुणी जिंकत नाही, त्यात बघणार काय? माणूसच बघणार. मुलगी द्यायची की नाही हे ही मंडळी टेबलावर ठरवणार, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका उरली नव्हती.

दुसरा होकार स्वयंपाकघरात गेला. होणाऱ्या सासूबाईंनी त्याच्या हातात पाण्याच्या ग्लासांचा ट्रे दिला आणि ट्रे हातात असल्यानं तो पळून जाणार नाही अशी खात्री झाल्यावर बोलायला सुरुवात केली. त्या हॉस्पिटलमध्ये नोंदणीच्या खिडकीत बसायच्या. दिवसभर नाव, वय, पुढचा. नाव, वय, पुढचा.

"मागच्या शनिवारी खेळात एक दरवान भेटला होता आम्हाला," त्या म्हणाल्या. "त्याच्या मुलीबद्दल सांगत होता. गळा भरून आला होता हो त्याचा. आणि ह्यांनी मधेच उठून त्याला आडवा केला. त्या मुलीचं पुढे काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. तुम्ही तलवारीला हात लावू नका. सगळ्यांची नीट चौकशी करा."

"हो," लिफ्टवाला म्हणाला.

तिसरा होकार बाल्कनीत. होणारा मेहुणा एका वाद्यवृंदात ड्रम वाजवायचा, आणि तो कधी काय वाजवेल याचा गायकांनाही पत्ता नसायचा. त्याच्या काखेत नियमांचं एक जाडजूड पुस्तक होतं, रंगीबेरंगी खुणांच्या चिठ्ठ्या लावलेलं.

"भावोजी," तो म्हणाला. "म्हणजे अजून नाही, पण होणारच आहात. आमचे आईबाबा नियम धाब्यावर बसवतात. ताई त्यांना काही बोलत नाही. तुम्ही फक्त एक करा. कुणी काहीही करायला निघालं, की मी पान काढेपर्यंत थांबा म्हणायचं."

"हो," लिफ्टवाला म्हणाला, आणि तिघांचीही मनं राखली म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत टेबलाशी येऊन बसला.

चष्मेवाली टेबलाच्या टोकाशी पुठ्ठ्याचा आडोसा करून बसली होती. त्यामागे काय आहे ते कुणी बघायचं नाही, असा दंडक होता. तिनं दिवा थोडा मंद केला. "तुम्ही चौघं डोंगराच्या कुशीत पोचलात," ती म्हणाली. "समोर एक दगडी वेस आहे. वेशीत एक राक्षस उभा आहे. म्हातारा, हातात सोटा. तो तुमच्याकडे बघतोय." तिनं राक्षसाची छोटी बाहुली टेबलावर चौघांच्या बाहुल्यांसमोर ठेवली.

टेबलाखाली लिफ्टवाल्याच्या नडगीवर सासऱ्यांचा पाय बसला. हे गृहस्थ गाडी चालवायला शिकवायचे. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून दिवसभर त्यांचा पाय जादा ब्रेकवर असायचा, त्यामुळे त्या पायात चांगलीच ताकद होती. समोरून सासूबाईंनी डोळ्यांनी 'बोला' अशी खूण केली. उजवीकडून पुस्तक उघडल्याचा आवाज आला.

"तू काय करतोस?" चष्मेवालीनं विचारलं.

"मी तलवार काढतो," लिफ्टवाला म्हणाला. सासऱ्यांचा चेहरा उजळला. "आणि ती त्याला दाखवतो. कशी वाटते म्हणून विचारतो." सासूबाई खूश झाल्या. "पण त्याच्या आधी जरा थांबतो." मेहुण्यानं मान डोलावली.

"थांबून तलवार दाखवणं," मेहुणा पानं उलटत पुटपुटला. "हा हल्ला धरायचा की संभाषण? एका पाळीत दोन्ही चालत नाही."

"अरे फासा टाकू दे त्याला," सासरे म्हणाले.

लिफ्टवाल्यानं वीस बाजूंचा तो फासा टाकला. फासा गडगडत गेला, पाण्याच्या ग्लासाला टेकला आणि एकावर थांबला. याहून वाईट काही त्या फाशावर लिहिलेलंच नव्हतं.

"तुझ्या हातून तलवार निसटली," चष्मेवाली शांतपणे म्हणाली, "आणि राक्षसाच्या अंगठ्यावर पडली."

मग जे झालं ते कुणाच्याच हातात राहिलं नाही. "युद्ध," म्हणत सासरे खुर्चीवरून उठले. "थांबा, त्याला लागलंय," म्हणत सासूबाईंनी राक्षसाच्या अंगठ्याला पट्टी बांधायला घेतली. "ग्लासाला टेकलेला फासा धरायचा नाही," म्हणत मेहुण्यानं फासा उचलला. सासऱ्यांनी तो हिसकून घेतला आणि आपणच टाकला. त्यांचा वार राक्षसाला न लागता पट्टी बांधणाऱ्या बायकोला लागला.

"मला मारलंत?" सासूबाई म्हणाल्या.

"तू मधे का आलीस? आणि हे का गप्प?" सासरे लिफ्टवाल्याकडे वळले. "बूट काढताना आपलं काय ठरलं होतं?"

"बूट काढताना?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्याशी तर ओट्यापाशी ठरलं होतं, तलवार काढायची नाही म्हणून."

"मग माझ्याशी बाल्कनीत काय ठरलं होतं?" मेहुण्यानं विचारलं.

तिघंही लिफ्टवाल्याकडे बघायला लागले. आडोशावरून चष्मेवालीही बघत होती, आणि तिच्या कपाळावर त्यानं कधी न पाहिलेली एक आठी होती. संपलं, त्याला वाटलं. ही नोकरी असती तर दुसरी शोधली असती, पण हिच्यासारखी दुसरी कुठून आणायची? खोटं बोलायलाही आता काही शिल्लक राहिलं नव्हतं.

"मला सवय आहे," तो मान खाली घालून म्हणाला. "अडकलेल्या माणसाला हो म्हणायची."

"आम्ही कुठे अडकलोय?" सासऱ्यांनी विचारलं.

"तिघं तीन मजल्यांवर अडकलाय," लिफ्टवाल्याच्या तोंडून निघून गेलं. "आणि प्रत्येकाला वाटतंय, बाकीचेच चुकीच्या मजल्यावर आहेत."

मेहुण्यानं हसू दाबायला पुस्तक तोंडासमोर धरलं. सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं छताकडे.

"ते असू दे," चष्मेवाली म्हणाली. तिच्या कपाळावरची आठी गेली होती. "मी तुला विचारलं होतं. ह्यांना नाही. तुला काय करायचंय?"

हा प्रश्न त्याला सकाळपासून, खरं तर बऱ्याच वर्षांत, कुणी विचारला नव्हता. त्यानं फाशाकडे पाहिलं, मग वेशीतल्या त्या म्हाताऱ्या राक्षसाचा विचार केला. हातात सोटा, येणारेजाणारे मुकाट्यानं पुढे जाणारे.

"मला बसायचंय," तो म्हणाला. "त्याच्या शेजारी. मी दार उघडलं की माणसं आधी घड्याळ बघतात आणि चालू लागतात. त्यांची काही चूक नाही, खोळंबलेलीच असतात. पण मला कुणी बस म्हणत नाही. ह्यालाही कुणी म्हटलेलं दिसत नाही. मी खाली बसतो आणि त्याला म्हणतो, काका, अंगठ्याबद्दल माफ करा, आणि जरा टेका."

पुठ्ठ्यामागे चष्मेवालीनं वेशीपलीकडचं अख्खं राज्य रचून ठेवलं होतं. ते तिनं हळूच बाजूला सारलं.

"राक्षस बसतो," ती म्हणाली. "बसताना त्याचे गुडघे वाजतात. तो म्हणतो, माझा जन्म उभं राहण्यात गेला."

"अगंबाई," सासूबाई म्हणाल्या, आणि खुर्ची पुढे ओढून त्यांनी चौकशीला सुरुवात केली. गाव कोणतं, घरी कोण कोण, हे काम लावलं कुणी. राक्षस भरभरून बोलत होता. मेहुण्यानं बसलेल्या राक्षसाबद्दल नियम शोधला, तो सापडला नाही, तेव्हा पुस्तक मिटून तोही ऐकत राहिला. एकटे सासरे उपसलेली तलवार घेऊन अवघडल्यासारखे बसले होते.

खेळ आवरल्यावर लिफ्टवाल्यानं धीर गोळा केला. "मग," तो म्हणाला, "माझ्याबद्दल तुमचं काय मत झालं?"

"कशाबद्दल?" सासऱ्यांनी विचारलं.

"लग्नाबद्दल."

"ते आमच्या हातात कुठाय? ते तिनं केव्हाच ठरवलंय, आणि हॉलसुद्धा बघून ठेवलाय. तुम्हाला सांगितलं नाही तिनं?" त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती फासे डबीत भरण्यात फार गुंग झाली होती. "आमचा प्रश्न शनिवारचा होता. कितीतरी दिवसांपासून चौथा गडी मिळत नाहीये. येणार का दर शनिवारी? आणि आता उगाच हो म्हणू नका."

लिफ्टवाल्याच्या ओठांवर आलेलं 'हो' तिथेच थांबलं. "दर शनिवारी नाही जमणार," तो म्हणाला. "एकाआड एक शनिवारी माझी पाळी असते."

सासऱ्यांनी आपल्या योद्ध्याची बाहुली उचलून राक्षसाच्या बाहुलीशेजारी ठेवली.

"हरकत नाही," ते म्हणाले. "तुम्ही येईपर्यंत आम्ही ह्याच्याजवळ बसतो. पण हा आधी उठला, तर मी काही थांबणार नाही."