भास्कररावांचा ब्रह्मदेश

"एप्रिलात मंडालेहून बोट कुठली हो?" मुलाच्या मामांनी विचारलं.

भास्कररावांच्या हातात शिऱ्याची बशी होती, ती तशीच राहिली. मालू चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. मी तिच्या मागे. मुलाची आई पदर सारखा करता करता भावाकडे बघायला लागली.

मामा साधा माणूस. त्यांना कळलंच नाही आपण काय विचारलं ते. ते पुढे म्हणाले, "रंगून तर मार्चातच गेलं होतं जपान्यांकडे. मंडालेवर बॉम्ब पडले तेव्हा तिथं जो होता तो चालतच हिंदुस्थानात आला. मी आलो ना चालत! तुम्ही बोटीनं कसे आलात? आणि मुलीची आई मेम्योच्या इस्पितळात..."

"डाव्या हाताला बसायचं," भास्करराव म्हणाले.

"काय?"

"मंडालेहून मेम्योला जाताना. गाडीत डाव्या हाताला बसायचं. दरी त्या बाजूला दिसते."

हे वाक्य मी आठ वर्षांत हजारदा ऐकलं असेल. दर वेळी हसले होते. त्या दिवशी नाही हसले.

भास्करराव गुप्ते आमच्या नौपाड्याच्या चाळीत राहायला आले ते स्वातंत्र्याच्या वर्षी. बरोबर दहा वर्षांची मुलगी मालू आणि एक ट्रंक. बायको नाही. त्याआधी काही वर्षं पेणला बहिणीकडे काढली होती, मग ठाकुर्लीला रेल्वेच्या कचेरीत कारकुनी मिळाली. आमची भिंत एक, म्हणून आमचे हे चौकशीला गेले.

"मूळचे कुठले आपण?"

"मंडालेत होतो. पंधरा वर्षं."

"अरे बापरे! काय केलं होतंत?"

त्यात यांचा दोष नाही. आमच्या लोकांना मंडाले म्हटलं की तुरुंगच आठवतो. तिथं तुरुंगाशिवाय काही असेल असं आमच्यापैकी कोणाच्या मनात आलंच नव्हतं. पण भास्करराव असे तापले की आल्या पावली यांना परत पाठवायचे तेवढे बाकी राहिले.

"तुरुंग सोडून बोला!" ते ओरडले. "ज्याला त्याला तुरुंग! अहो, राजाचा किल्ला आहे तिथं. चारी बाजूंनी खंदक, खंदकात कमळं. कोणी बघायला जाल की नाही कधी?"

"जाऊ की," हे घाबरून म्हणाले.

झालं. हे जाणार असं भास्करराव धरून चालले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आम्हाला ब्रह्मदेशाच्या प्रवासाची तयारी सुरू करून दिली. मी तोवर कल्याणच्या पलीकडे गेले नव्हते.

त्यांचा हा रोग सगळ्या चाळीला पोचला. नळावर बायका उभ्या असल्या की ते वरून सांगायचे, "थंडीत जा. पावसाळ्यात अजिबात नको. आणि पॅगोड्यात पाय धुऊन जा, मोजेसुद्धा चालत नाहीत." आमच्यातल्या एकीकडेही मोजे नव्हते. न्हाव्याकडे दाढी करताना ते न्हाव्याला अमरापूरच्या सागवानी पुलाबद्दल सांगायचे. मैलभर लांब पूल, सगळा लाकडाचा, त्यावरून संध्याकाळी भिक्षू रांगेनं जातात. न्हावी वस्तरा हवेत धरून ऐकायचा आणि मागचं गिऱ्हाईक निघून जायचं.

"लिहून घ्या, वहिनी," ते मला म्हणायचे.

मी चौथी शिकलेली. लिहायचा मला कंटाळा. पण नाही लिहिलं तर ते पुन्हा पहिल्यापासून सांगायचे, म्हणून कॅलेंडरच्या पाठीवर लिहायचे. इन्ले तलाव, तरंगते टोमॅटोचे मळे, असं काहीबाही.

"केवढा हो हा तलाव?" मी एकदा विचारलं.

"आपला मासुंदा तलाव आहे ना?"

"हो."

"त्यात नाही मावायचा."

"अहो, मोठा असल्यावर कसा मावेल?"

"तसं नाही. असे शे-दोनशे मासुंदे घ्या."

"एकाचीच शेवाळ काढायला कोणी तयार नाही, आणि तुम्ही दोनशे कुठे घ्यायला सांगता!"

मग ते रागावून आत जायचे आणि पाच मिनिटांनी बाहेर यायचे. कारण सांगायचं राहिलेलं असायचं.

या इन्ले तलावावरचे कोळी म्हणे एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायानं वल्हं मारतात. चाळीत कोणाचा विश्वास बसेना. भास्कररावांना खोटं ठरणं सोसत नसे. एका रविवारी ते आम्हा सगळ्यांना चेंदणीच्या बंदरावर घेऊन गेले. तिथल्या एका कोळणीची होडी मागून घेतली, धोतराचा काचा मारला, एका पायावर उभे राहिले आणि दुसऱ्या पायाचा विळखा वल्ह्याला घातला.

वल्हं एकदा फिरलं. ते मी पाहिलं. म्हणजे माणूस खोटं बोलत नव्हता. दुसऱ्या वेळेला भास्करराव खाडीत.

ओहोटी होती, म्हणून बुडाले नाहीत, कंबरेपर्यंत चिखलात रुतले. कोळीण काठावरून म्हणाली, "अवो काका, हात काय निस्तं जेवाला दिल्यान का देवानं?"

"बाई, तिकडं असंच असतं!" ते चिखलातून म्हणाले.

"मंग तिकरंच बुराचा व्हता!"

मालू काठावर उभी होती. ती हसली नाही. "बाबा, हात द्या," म्हणाली, आणि आम्ही चौघींनी मिळून त्यांना ओढून काढलं.

या सगळ्यात मेम्यो हे गाव त्यांचं खास. मंडालेजवळच्या डोंगरावरचं. थंड हवा, घोडागाड्या, स्ट्रॉबेरी, गुलाब. तिथली आगगाडी म्हणे डोंगर चढताना थोडी पुढे जाते, मग उलटी मागे जाते, पुन्हा पुढे जाते, अशी वर चढते. हेही कोणाला पटलं नाही. तेव्हा त्यांनी गॅलरीत चालून दाखवलं. पुढे आले, मग पाठ न वळवता मागे गेले आणि जोशीणबाईंच्या पाण्यानं भरलेल्या बादलीत बसले. जोशीणबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. भास्कररावांना त्याचं काही नव्हतं. "पण गाडी कशी चढते ते कळलं ना?" एवढंच विचारत होते.

बॉम्बचं, जपान्यांचं कोणी विचारलं तर मात्र सांगत नसत. "ते प्रवाशाच्या कामाचं नाही," म्हणायचे.

मालूची वेणी ते स्वतः घालायचे. मी म्हटलं, मी घालते, पोरीचे केस उपटू नका. ऐकलं नाही. सकाळी सातला भिंतीपलीकडून आवाज यायचा. "आता मंडालेहून निघाली हं गाडी. आता डोंगर लागला." वेणीचे पेड पुढे-मागे व्हायचे तशी गाडी पुढे-मागे व्हायची, आणि रिबीन बांधली की मेम्यो. मग ते मेम्योचं इस्पितळ सांगायचे. पांढरी भिंत, आईची खाट खिडकीशी, खिडकीत गुलाब. आईला ताप आला, चांगले डॉक्टर होते, आई झोपेतच गेली. मग तू आणि मी बोटीत बसलो. पहिल्या वर्गात.

वेणी नेहमी वाकडी. मालू दाराबाहेर आली की मी सोडून परत घालायचे.

मला मात्र पहिल्याच वर्षी संशय आला होता. पितृपक्षात अविधवा नवमीला ते बायकोच्या नावानं मला सवाष्ण म्हणून जेवायला बोलवायचे. रीतसर खण, नारळ. जेवताना मी विचारलं, "वर्षश्राद्ध कधी करता?"

"करत नाही."

"का? तिथी?"

"तिथी माहीत नाही."

"इस्पितळात गेली ना हो बायको? तिथं तर कपाळावर तारीख लिहून ठेवतात."

त्यांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. आत मालू अभ्यास करत होती. ते हळूच म्हणाले, "वहिनी, आम्ही चालत आलो. जंगलातून. कुठला दिवस होता ते कोणालाच माहीत नव्हतं. पोर पेणला आल्यावर सारखी विचारायची, आई कुठे ठेवली. पाच वर्षांची पोर. मी काय सांगू? मला एकच चांगली जागा माहीत होती, ती सांगितली. तिला कळता कामा नये."

मी म्हटलं, "माझ्याकडून नाही कळायचं."

आणि माझ्यामुळेच कळलं.

मालूला अठरावं लागलं तशी मी तिच्यासाठी स्थळ आणलं. कल्याणचं. मुलगा शाळेत मास्तर, घर निर्व्यसनी. मुलाचे मामा लढाईच्या आधी ब्रह्मदेशात कंपाउंडर होते असं कळलं, तेव्हा मला फार हुशारी वाटली. मुलाच्या आईला म्हटलं, मामांना नक्की घेऊन या, दोघांची चांगली जमेल. दोघं बोलत बसतील, स्थळ आपोआप ठरेल. मामा तिथून कसे आले असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चौथीतल्या पोरीच्याही आलं असतं.

आणि पहिला अर्धा तास जमलीच हो त्यांची! मुलगा बाजूला, मुलगी बाजूला, हे दोघे मोलमीनच्या संत्र्यांवरून भांडतायत. मामा म्हणाले पॅगोड्याच्या पायऱ्या उत्तरेकडून चढायच्या, भास्करराव म्हणाले दक्षिणेकडून. मुलाची आई माझ्याकडे बघून हसली. मग मामांनी विचारलं, तुम्ही निघालात कधी? भास्करराव बोलण्याच्या भरात खरं बोलून गेले. मंडालेवर बॉम्ब पडले त्याच आठवड्यात, एप्रिलात. आणि लगेच सवयीनं म्हणाले, मालूची आई मेम्योच्या इस्पितळात गेली, मग आम्ही बोटीनं आलो.

तिथून पुढचं वर सांगितलंच आहे.

मालूनं ट्रे स्टुलावर ठेवला. पाहुण्यांसमोर दाखवायची मुलगी खाली मान घालून बसते. ती तशी बसली नाही. बापासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, आई कुठे गेली?"

"मेम्योला."

"बाबा."

मला वाटलं आता भास्करराव पुन्हा गुलाब सांगतात. मुलाच्या आईनं उठायची तयारी केली. मामांनी तिला हातानं थांबवलं.

भास्कररावांनी बशी खाली ठेवली. मग ते बोलायला लागले, आणि नेहमी प्रवास सांगतात तसंच बोलायला लागले. दुसरी रीत त्यांना येतच नव्हती.

"मंडालेहून मोनीवाला जायचं. तिथून चिंदविन नदी. बोट मिळते, कालेव्यापर्यंत. बोटीत सावली नाही. तुझा भाऊ, बाळ, सहा महिन्यांचा होता, तो बोटीत गेला. त्याला नदीत सोडला. कालेव्याहून पुढे पायी. पाणी बरोबर घ्यायचं, वाटेतलं प्यायचं नाही. तुझ्या आईला तहान सोसेना, ती प्यायली. दुसऱ्या दिवशी पटकी."

मालू आणखी एक पाऊल जवळ गेली.

"तू एका खांद्यावर, ती पाठीवर. माझी आई मागून यायची. दुपारपर्यंत तुझी आई पाठीवरच गेली. मला कळलं. पण रस्त्यावर नाही ना ठेवायची. रस्त्याला दोन्ही बाजूंनी माणसं पडलेली. मी आत शिरलो. एक झाड बघितलं, खाली चिखल होता. पुढे गेलो. दुसऱ्या झाडाखाली आधीच कोणी होतं. तिसरं चांगलं होतं. मोठं सागाचं, खाली कोरडं, आणि ओहोळ जवळ. तिथं ठेवली."

"सावली होती?" मालूनं विचारलं.

"होती. मी होतो तोवर होती. दुपारनंतर ऊन कुठून येतं ते मला माहीत नाही. मला थांबता आलं नाही."

मामांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. म्हणाले, "तीन झाडं बघितलीत तुम्ही. मी माझ्या भावाला जिथं पडला तिथं सोडून आलो."

मालू खाली बसली, बापाच्या पायाशी, पाहुण्यांकडे पाठ करून. त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. भास्करराव तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. मी आत जाऊन चहा परत गरम करत ठेवला. कोणीतरी करायलाच हवा होता.

लग्न त्याच मुलाशी झालं. मामांनीच जमवलं. मांडवात वरातीच्या बँडवाल्याला भास्करराव इरावतीवरच्या बोटी समजावत होते, म्हणून अक्षतांना दहा मिनिटं उशीर झाला. वर्षश्राद्धाची तिथी काही सापडली नाही. मालूनं वैशाखातली अमावास्या धरली आणि आई, आजी, भाऊ तिघांचं पान त्या दिवशी वाढायला लागली.

आजी तामूच्या पुढच्या, सरहद्दीवरच्या डोंगरात बसली ती उठली नाही.

मंडालेहून पाच जणं निघाली होती. भास्करराव, त्यांची आई, बायको कुसुम, मालू आणि बाळ. इंफाळला भास्करराव आणि मालू पोचली.