राजाच्या पलंगाची सुतारीण

पडदा उघडायची वेळ झाली होती आणि राजाचा पलंग अजून लंगडत होता. नाटकाच्या बाई हातोडी घेऊन पलंगामागे बसल्या. सातवीच्या वर्गाला त्या वर्षभर नाटक शिकवत होत्या. हा तास पुढे चालू ठेवायचा की गणिताला द्यायचा, हे मुख्याध्यापक आजचा प्रयोग पाहून ठरवणार होते. बाईंनी लंगड्या पायाला आडवी पट्टी लावली, दातांत धरलेले खिळे धडाधड ठोकले आणि समाधानानं उठायला गेल्या. उठताच येईना. त्यांच्या लांब झग्याचा घेर पट्टीखाली सापडला होता आणि खिळे त्यातून आरपार गेले होते. काम मात्र पक्कं झालं होतं.

हिसका दिला तर पलंग कोसळणार, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी विंगेतल्या शिपाईमामांना 'थांबा' म्हणून हात हलवला. मामांना वाटलं, 'चला'. पडदा उघडला.

समोर सभागृह खच्चून भरलं होतं. पहिल्या रांगेत मुख्याध्यापक, आणि सूनबाई रोज तालमीच्या नावाखाली उशिरापर्यंत करते तरी काय, हे पाहायला आलेल्या बाईंच्या सासूबाई. बाईंना प्रकाशयोजना येत होती, नाटक लिहिता येत होतं, बसवता येत होतं. फक्त लोकांसमोर उभं राहिलं की त्यांची जीभ टाळूला चिकटायची. म्हणून तर त्या आयुष्यभर विंगेत उभ्या राहिल्या होत्या, आणि हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आता लख्ख उजेडात, गुडघ्यांवर, दातांत उरलेला एक खिळा धरून त्या बसल्या होत्या.

झोप न येणारा राजा आत आला. वर्गात सगळे त्याला लोळ्या म्हणत. बाईंना पाहून तो क्षणभर थबकला. पण रंगमंचावर जे दिसतं ते नाटकातलंच, मांजर शिरलं तरी ते नाटकातलं मांजर, हे बाईंनीच त्यांच्या डोक्यात भरवलं होतं.

"प्रधानजी, आमच्या शयनगृहात ह्या कोण?"

प्रधान म्हणजे वर्गातली सगळ्यात उंच मुलगी, शिडी. तिनं बाईंच्या हातातली हातोडी पाहिली, खिळलेला झगा पाहिला.

"शाही सुतारीण, महाराज. पलंग जाईल तिथे ही जाते."

हे वाक्य बाईंना लगेच महागात पडलं. कारण पुढच्याच प्रवेशात महालात झोप लागेना म्हणून शिपाई राजाचा पलंग उचलून बागेत नेतात, असं बाईंनी लिहून ठेवलं होतं. शिपाई आले. त्यांनी पलंग उचलला आणि बाईंकडे पाहिलं. बाई मुकाट्यानं उठून, कमरेत वाकून, पलंगाबरोबर निघाल्या. बाग लांब नव्हती, पण शिपाई तालमीत ठरल्याप्रमाणे दोन फेऱ्या मारून गेले. सभागृह हसून हसून लोटपोट झालं. बाईंना फक्त सासूबाई दिसत होत्या, आणि त्या हसत नव्हत्या.

बागेत राजानं थेट विचारलं, "सुतारीणबाई, तुम्हाला तरी झोप लागते का?"

बाईंनी खिळा तोंडातून काढला. ओठ हलले, शब्द मात्र बाहेर पडला नाही. शिडी शांतपणे त्यांच्याजवळ आली.

"महाराज, बिचारी घाबरलीय. बाई, श्वास घ्या. घाई नाही. आणि तोंड समोर करा."

बाईंनी श्वास घेतला. तोंड समोर केलं.

"लागते," त्या पुटपुटल्या.

"मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही," शिडी म्हणाली.

"लागते, महाराज!"

"कशी लागते?"

"काम करून थकते, म्हणून लागते."

खरं तर राजानं आता कुदळ घेऊन बाग खणायची होती. लोळ्यानं कुदळीकडे पाहिलं, मग बाईंच्या झग्याकडे. त्यानं मुकुट प्रधानाच्या हातात दिला आणि हातोडी मागून घेतली. तिच्या मागच्या चिमट्यानं तो एकेक खिळा उपटू लागला. घाम येईपर्यंत उपटत राहिला. शेवटचा खिळा निघाला, बाई सुटल्या, पलंग एका बाजूला हळूच कलला, आणि राजा त्याच उतारावर आडवा होऊन घोरू लागला. सभागृह उभं राहिलं.

मुख्याध्यापक आत येऊन म्हणाले की तास राहील. सुतारिणीची कल्पना फार नामी होती, म्हणाले. सासूबाई आल्या, झग्याची भोकं बघितली आणि सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. "गुणाची पोरं आहेत तुझी," एवढंच म्हणाल्या.

प्रयोगानंतर सगळ्यांनी गोल करून बसायचं आणि एकमेकांच्या चुका तोंडावर सांगायच्या, असा वर्गाचा रिवाज होता. शिपायांचं झालं, प्रधानाचं झालं. मग सगळे बाईंकडे बघू लागले.

"बाई, राग मानू नका," लोळ्या म्हणाला, "पण तुमचा आवाज फार लहान होता."

"आणि पहिल्या प्रवेशात तुम्ही नुसत्याच बसून होतात," शिडी म्हणाली. "समोरचा बोलत असताना आपण ऐकतोय असं दिसायला हवं."

शिपायांचं म्हणणं पडलं की बाई पलंगाच्या चालीत चालल्या नाहीत.

बाई मान खाली घालून ऐकत होत्या. इतकं अचूक त्यांना आजवर कुणी शिकवलं नव्हतं. चेहरा गंभीर ठेवणं मात्र फार जड जात होतं.

"मान्य आहे," त्या म्हणाल्या. "काय करू मी?"

लोळ्यानं थोडा विचार केला.

"काही नाही, बाई. तालमींना येत जा."